ब्रुजची बेल्फ्री: वर चढावी, की खालूनच ऐकावी?

पायवाट

उन्हाळा जवळ आला की आमच्याकडे बेल्जियममध्ये फोन सुरू होतात. "पॅरिसहून ॲमस्टरडॅमला जाताना मध्ये ब्रुज करतोय. अर्धा दिवस आहे. तो टॉवर चढायचा का गं?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

माझं उत्तर: चढा. पण वरून दिसणाऱ्या लाल कौलांसाठी चढणार असाल तर पैसे आणि गुडघे दोन्ही वाचवा. या मनोऱ्यातलं खरं बघण्यासारखं सगळं मधल्या मजल्यांवर आहे, आणि नेमकं तिथेच लोक धापा टाकत "अजून किती?" असं विचारत पुढे सरकतात.

आधी एक गैरसमज दूर करू. हे चर्च नाही, बेल्फ्री म्हणजे गावाच्या घंटेचा मनोरा. चौकात उभी असलेली निम्मी मंडळी "काय सुंदर चर्च आहे" म्हणत फोटो काढत असतात. ब्रुजमध्ये चर्चची वाण नाही. ज्यात मायकेलँजेलोची मेरी आणि बाळ येशूची मूर्ती आहे, त्या आवर लेडी चर्चचा विटांचा मनोरा तर बेल्फ्रीच्या ८३ मीटरपेक्षा कितीतरी उंच आहे. बेल्फ्री मात्र गावाची. कापड विकणारे, विणणारे, लोकर आणणारे, तराजू धरणारे अशा लोकांच्या नगरपालिकेने ती उभी केली. म्हणून तिच्या पायाशी वेदी नाही, बाजार आहे. मार्क्ट या मुख्य चौकाच्या दक्षिणेला 'हालेन' नावाची जुनी बाजारपेठ आहे आणि तिच्याच डोक्यावर हा मनोरा चढवलेला आहे.

त्या काळच्या फ्लँडर्समध्ये, म्हणजे ब्रुज आणि गेंट ज्यात येतात त्या प्रांतात, राज्य काउंटचं, म्हणजे तिथल्या सरदाराचं. शहरांनी त्याच्याकडून एकेक हक्क मिळवला: स्वतःचा कायदा, स्वतःचे न्यायाधीश, स्वतःचा कर. हे हक्क लिहिलेल्या सनदा ठेवायला भक्कम जागा हवी, आणि गावाला गोळा करायला घंटा हवी. या दोन गरजा एकाच इमारतीत भागवल्या की झाली बेल्फ्री. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधल्या अशा ५६ बेल्फ्री आज युनेस्कोच्या यादीत आहेत. ब्रुजची त्यात सगळ्यात प्रसिद्ध. सगळ्यात उंच नाही, हे गेंटची माणसं आपणहून सांगतात.

पहिला मनोरा साधारण १२४० चा. १२८० मध्ये आग लागली आणि गावाचे कागदपत्र जळून गेले. त्यानंतर सनदांसाठी जी खोली केली ती जिन्याच्या सुरुवातीलाच लागते. तिथे थांबा! भिंतीतल्या कोनाड्यांना लोखंडी जाळीची दारं आहेत, आणि ती जाळी म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरच्या लोहारकामाचा अस्सल नमुना आहे. सनदांच्या पेटीला एक कुलूप नव्हतं, अनेक होती, आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. सगळे एका वेळी हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. कोणीही एकटा, अगदी नगराध्यक्षसुद्धा, गावाचा हक्क काखेत मारून पळू शकणार नाही अशी ही व्यवस्था. मला या खोलीत जितकं समजतं तितकं म्युझियममधल्या चार दालनांत समजत नाही. बहुतेक लोक इथे अर्धा मिनिट थांबतात, तेही दम खायला.

वरचा अष्टकोनी भाग १४८३ ते १४८७ मध्ये चढवला. त्यावर लाकडी निमुळतं शिखर होतं आणि टोकाला ड्रॅगनला पायाखाली तुडवणारा सेंट मायकेल. १४९३ मध्ये वीज पडली, शिखर खाक. पुन्हा लाकडी शिखर बांधलं. ते अडीचशे वर्षं टिकलं आणि १७४१ मध्ये पुन्हा जळालं. मग मात्र गावाने शिखराचा नाद सोडला. आज दिसणारा माथ्यावरचा दगडी कठडा १८२२ चा. म्हणून जुन्या चित्रांतली बेल्फ्री टोकदार आणि आपल्या फोटोतली सपाट डोक्याची. शिवाय ती पूर्वेकडे ८७ सेंटिमीटर कलली आहे. चौकातून नुसत्या डोळ्यांना ते जाणवत नाही, एखाद्या सरळ खांबाशी ताडून पाहिलं तर जाणवतं.

आता चढण. पायऱ्या ३६६. लिफ्ट नाही. जिना एकच, गोल, आणि वर जावं तसा अरुंद होत जाणारा. जाणारे आणि येणारे त्याच जिन्यावर. वरच्या टप्प्यात कठड्याऐवजी जाड दोर धरायचा. समोरून कोणी उतरत आलं की एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. कोणी राहायचं हे ठरवताना सगळ्या देशांचा स्वभाव कळतो. म्हणूनच एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात. सुट्टीच्या दिवसांत वेळेचं तिकीट ऑनलाइन आधी काढलेलं बरं.

बरंच वर गेल्यावर ढोलाची खोली येते. १७४८ मध्ये ॲन्टोनियस डी होंट याने ओतलेला हा धातूचा प्रचंड ढोल आहे. वजन नऊ टनांच्या घरात, आणि अंगावर ३०,५०० चौकोनी भोकं. दर पाव तासाला हा फिरतो आणि वरच्या घंटा आपोआप एक धून वाजवतात. तुमची वेळ अशी साधा की पाव तास भरताना तुम्ही या खोलीत असाल. आधी कुठेतरी खट्ट होतं, मग चाकं सुटतात, तारा ताणल्या जातात, आणि डोक्यावर कुठूनतरी गाणं पडायला लागतं. मी पाहुण्यांना इथे उभं करते आणि घड्याळाकडे बघत बसते. एकदा धून झाली की पुढे जायची परवानगी!

त्याच्या वर वादकाची खोली. एकूण ४७ घंटांचा हा संच, त्याला कॅरिलॉन म्हणतात. मिळून वजन सुमारे साडेसत्तावीस टन. लहानातली लहान घंटा किलोभराचीही नाही आणि मोठ्या घंटेचं वजन पाच टनांच्या पुढे. १७४१ च्या आगीनंतर योरिस ड्युमेरी या ओतकाराने जो संच केला त्यातल्या २६ घंटा आजही वाजतात. गावाच्या पगारावर कॅरिलॉन वाजवणारा माणूस ठेवायची पद्धत इथे १६०४ पासूनची, आणि तो वर बसून खरोखर हातापायांनी वाजवतो. रेकॉर्डिंग नाही.

आणि ऐकायचं कुठून? वर अजिबात नाही. वर नुसता धातूचा मारा होतो, सूर कळत नाही. खाली हालेनच्या आतल्या अंगणात जा. चौकातला घोडागाड्यांचा आणि माणसांचा गोंगाट तिथे येत नाही. फुकट आहे, बसायला मिळतं. आठवड्यातल्या ठरावीक दिवशी सकाळी अकराला वादन असतं, उन्हाळ्यात काही संध्याकाळीही. जायच्या आधी वेळापत्रक बघून घ्या.

तुमच्यापैकी कोणी गेलं असेल तर लिहा. गेंट, मेखेलेन, अँटवर्प इथल्या मनोऱ्यांबद्दलही चालेल.

---

चिंचगुळ

मस्त लिहिलंयस. वाचता वाचता दम लागला.

प्रश्न: सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी. सिंहगड मागच्या वर्षी चढल्या, हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत असतात. नेऊ का?

---

पायवाट

सिंहगडावर मध्येच बसता येतं, लिंबू सरबत मिळतं आणि मागून कोणी ढकलत नाही. इथे उतरणं जास्त त्रासाचं, कारण पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या आहेत. मधल्या खोल्यांमध्ये थांबता येतं, हाच काय तो दिलासा. नाही म्हणायचं जिवावर येत असेल तर त्यांना गेंटला ने. तिथली बेल्फ्री ९१ मीटर आहे आणि पहिल्या टप्प्यानंतर लिफ्ट आहे. टोकावर सोनेरी ड्रॅगन आहे, मूळचा १३७७ चा. सासूबाईंना सांग, ब्रुजपेक्षा उंच मनोरा बघितला म्हणून. खोटं नाहीच ते.

---

चिंचगुळ

उपाय एकदम पसंत. आता तेच सांगत फिरतील :)

---

मुळामुठेचं_पाणी

थोडं विरोधी मत मांडतो, राग मानू नये.

ब्रुज मला नेहमी जरा बनवलेलं वाटलं. समुद्राकडचा झ्विन हा खाडीचा फाटा गाळाने भरला, व्यापार अँटवर्पला गेला, गाव झोपलं. मग एकोणिसाव्या शतकात हौशी लोकांनी 'मध्ययुगीन' दिसावं म्हणून गॉथिक पद्धतीने दुरुस्त्या केल्या, काही तर नवीनच बांधलं. मार्क्टवरचं प्रांताचं ते भव्य सरकारी भवन बघा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं आहे. तुम्हीच लिहिलंय की बेल्फ्रीचा माथा १८२२ चा, ढोल १७४८ चा, घंटा अठराव्या शतकातल्या. मग मध्ययुगीन नेमकं काय उरलं? पायऱ्या?

---

पायवाट

राग कसला. प्रांताच्या भवनाबद्दल अगदी बरोबर, मला ती इमारत आवडतही नाही.

पण बेल्फ्रीच्या बाबतीत पटत नाही. खालचा चौकोनी भाग तेराव्या शतकाचा, अष्टकोन पंधराव्या शतकाचा, सनदांच्या खोलीतली जाळी त्याच जागी. शिवाय वापरातली इमारत अशीच असते. जळलं ते बदललं, फुटली ती घंटा पुन्हा ओतली. १२४० पासून काहीच न बदललेला मनोरा हवा असेल तर तो पडीकच असणार. १७४८ चा ढोल बसवणाऱ्यांनी मध्ययुगाचं सोंग आणलं नव्हतं, त्यांनी त्यांच्या काळातलं उत्तम यंत्र आणलं. मला तरी हे सोंगापेक्षा फार वेगळं वाटतं.

---

मुळामुठेचं_पाणी

हम्म. ढोलाबद्दल मान्य. गावाबद्दल माझं मत कायम.

---

शिफ्ट_सुटली

चर्चची घंटा आणि गावाची घंटा वेगळी, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्यात भर.

चर्चची घंटा प्रार्थनेच्या वेळा सांगायची आणि त्या वेळा सूर्याप्रमाणे सरकायच्या. कापडाच्या धंद्याला हे परवडेना. मजुरी दिवसावर, मग दिवस कधी सुरू झाला आणि कधी संपला हे ठरवणार कोण? म्हणून कामाची घंटा आली. उत्तर फ्रान्समध्ये एर-सुर-ला-लिस म्हणून गाव आहे. तिथल्या लोकांनी १३५५ मध्ये राजाच्या अधिकाऱ्याकडून बेल्फ्री बांधायची परवानगी घेतली. कशासाठी? तर व्यवहाराच्या आणि कापडकामगारांच्या कामाच्या वेळा वाजवायला.

माझे वडील परळला गिरणीत होते. आमच्या चाळीत घड्याळं नावालाच होती, सगळं भोंग्यावर. ही कामाची घंटा म्हणजे भोंगाच. फरक एवढाच की ब्रुजमध्ये लोक आता तो भोंगा ऐकायला तिकीट काढून जातात.

त्यामुळे "गावाचं स्वातंत्र्य" वगैरे वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो, कोणाचं? व्यापाऱ्याला ही घंटा हक्काची वाटत असेल, विणकराला हजेरीची.

---

पायवाट

हे फार चांगलं लिहिलंत. आणि विणकरांनी ते निमूट सोसलंही नाही. चौकाच्या मधोमध जो पुतळा आहे तो यान ब्रेडेल आणि पीटर डी कोनिंक यांचा. एक खाटीक, दुसरा विणकर. १८ मे १३०२ च्या पहाटे ब्रुजच्या लोकांनी शहरातल्या फ्रेंच शिबंदीची कत्तल केली, आणि ११ जुलैला कोर्ट्रेकजवळ पायी लढणाऱ्या फ्लेमिश सैन्याने फ्रेंच सरदारांचं घोडदळ बुडवलं. ते सैन्य बहुतेक गिल्डमधल्या, म्हणजे कारागिरांच्या संघांमधल्या लोकांचं होतं. पुतळा मात्र १८८७ चा आहे, हे मुळामुठेकाकांच्या आधी मीच सांगते.

---

मुळामुठेचं_पाणी

:) हात टेकले.

---

कळसूत्री

ढोलाबद्दल वाचून राहवलं नाही, म्हणून लॉगिन केलं.

तिथे दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. ढोलाच्या भोकांत खुंट्या बसवतात. ढोल फिरला की खुंटी एक तरफ उचलते, तरफेला जोडलेली तार वर जाते आणि घंटेच्या बाहेरचा हातोडा पडतो. खुंटी आडव्या ओळीत कुठे आहे यावरून कुठली घंटा, आणि ढोलाच्या परिघावर कुठे आहे यावरून कधी वाजायचं ते ठरतं. धून बदलायची तर खुंट्या काढून दुसऱ्या भोकांत बसवायच्या. म्हणून तर एवढी हजारो भोकं. बहुतेक रिकामीच असतात.

वादक बसतो तेव्हा ढोलाचा संबंध नाही. त्याच्यापुढे लाकडी दांड्यांच्या ओळी असतात, पियानोच्या पट्ट्यांच्या क्रमाने लावलेल्या. सैल मूठ करून करंगळीच्या बाजूने दांडा खाली दाबायचा. मोठ्या घंटांना पायाचे दांडे. दांड्याची तार घंटेच्या आतल्या लोळीला जोडलेली असते. घंटा जागची हलत नाही, फक्त लोळी हलते. त्यामुळे हळू वाजवणं, जोरात वाजवणं हे हाताच्या दाबावर जमतं. मात्र सूर मध्येच थांबवायची सोय नाही. एकदा वाजवलेली घंटा स्वतःहून विझेपर्यंत वाजणार. चांगला वादक तो रेंगाळणारा नाद धरूनच पुढचं वाजवतो.

आता सुराबद्दल, हे गाण्यातल्या लोकांना आवडेल. घंटेतून एकच सूर निघत नाही. मुख्य सुराबरोबर खालचा षड्ज, पंचम आणि कोमल गंधार असे उपस्वर येतात. हा कोमल गंधार घंटेच्या आकारातच आहे. म्हणून कॅरिलॉनवर आनंदी चाल वाजवली तरी तिच्यात एक उदास झाक येते, आणि शुद्ध गंधार असलेला स्वरमेळ धरला की किंचित कचकच होते. १९८० च्या दशकात डच लोकांनी संगणकावर आकार काढून शुद्ध गंधाराची घंटा खरोखर ओतली. ऐकायला गंमत वाटते, पण कोणी जुन्या घंटा उतरवल्या नाहीत.

हे उपस्वर एकमेकांशी जुळवून घेणं हेच खरं कसब. ते पहिल्यांदा नीट साधलं सतराव्या शतकात. याकोब फान आइक हा अंध संगीतकार आणि फ्रांस्वा व पीटर हेमोनी हे ओतकार भाऊ यांनी मिळून १६४४ मध्ये झुट्फेनला पहिला सुरात जुळवलेला संच केला. घंटा जाड ओतायची आणि मग आतून खरवडत खरवडत एकेक उपस्वर जागेवर आणायचा. जास्त खरवडली तर संपलं, धातू परत चिकटवता येत नाही.

मिश्रण साधारण पाच भागांत चार भाग तांबं आणि एक भाग कथील. आणि एक हिशोब लक्षात ठेवायला सोपा: सगळी मापं निम्मी केली की सूर एक सप्तक वर जातो आणि वजन एक अष्टमांश होतं. म्हणूनच एका टोकाला टनांची घंटा आणि दुसऱ्या टोकाला किलोची.

---

ताम्हण

कळसूत्रीकाका, दंडवत. कोमल गंधाराचं कधीच माहीत नव्हतं. आता देवळातली घंटा पण तानपुऱ्यावर ताडून बघणार.

---

कळसूत्री

जरूर बघा, पण देवळातल्या घंटेकडून कोमल गंधाराची अपेक्षा ठेवू नका. तिचा आकार वेगळा आणि ती कोणी सुरात खरवडलेलीही नसते. अपवाद म्हणजे ज्या देवळांत युरोपातली घंटा टांगलेली आहे ती.

---

पंचवटीकर

तोच धागा पकडतो.

आमच्या नाशिकला गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेलं. त्याच्या तटावर जी मोठी घंटा आहे ती पोर्तुगीज बनावटीची. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी उतरवून आणल्या आणि त्या देवळांना वाटल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती स्पष्ट दिसते. लोक तिला हात जोडतात आणि वाजवतात, कोणाला काही वावगं वाटत नाही.

आमच्या लहानपणी पुराचं माप या घंटेवर असायचं. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला, छातीला, अशी बातमी यायची, पण "नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं" म्हटलं की गल्लीतली सगळी माणसं सामान वर चढवायला लागायची. म्हणजे घंटा न वाजताच गावाला इशारा देत होती.

प्रश्न असा की युरोपातही घंटा लुटून नेत असत का? की हे आपल्याकडचंच?

---

पायवाट

पंचवटीकर, मेणवलीची घंटा मी पाहिली आहे, पण पुराच्या मापाचं नवीनच कळलं.

युरोपात हे सर्रास चाले. कोर्ट्रेकचं उदाहरण घ्या. १३८२ मध्ये फ्लँडर्सच्या बंडखोर शहरांचा पराभव झाला आणि बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने कोर्ट्रेकच्या बेल्फ्रीवरचं घड्याळ घंटेसकट, त्यावर ठोके देणाऱ्या पुतळ्यासकट काढून फ्रान्समधल्या दिजाँला नेलं. ते तिथल्या नोत्र-दाम चर्चवर चढवलं आणि तो ठोके देणारा गडी आजही दिजाँची शान म्हणून मिरवतो. कोर्ट्रेकच्या लोकांना या गोष्टीचा कितीतरी शतकं राग होता.

गेंटचं तर आणखी लागट. तिथल्या मोठ्या घंटेचं नाव रोलांड. १५४० मध्ये गेंटने कर द्यायला नकार दिला म्हणून सम्राट पाचवा चार्ल्स, जो स्वतः गेंटमध्येच जन्मला होता, सैन्य घेऊन आला. शहराचे हक्क काढून घेतले, प्रतिष्ठित लोकांना गळ्यात फास घालून अनवाणी चालवलं आणि रोलांडला बेल्फ्रीवरून उतरवण्याचा हुकूम दिला. गेंटकर अजूनही स्वतःला अभिमानाने 'फासवाले' म्हणवतात.

म्हणजे जिंकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की गावाचा आवाज कुठे टांगलेला आहे. वसईत चर्चच्या घंटा होत्या, फ्लँडर्समध्ये नगरपालिकेच्या, एवढा फरक धरायला हवा.

---

शिफ्ट_सुटली

आणि तोफा. घंटेचं कासं तोफेलाही चालतं. युद्ध आलं की घंटा उतरवायच्या आणि वितळवायच्या. फ्रेंच राज्यक्रांतीत झालं, दोन्ही महायुद्धांत जर्मनांनी केलं. म्हणजे जी उचलून नेली आणि देवळात टांगली, ती एका अर्थी वाचली म्हणायची.

---

मांडवीकाठ

गोव्याकडून एक. जुन्या गोव्याला सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा तो एकटा उभा असलेला मनोरा सगळ्यांनी पाहिला असेल. शेचाळीस मीटर, जांभ्या दगडाचा. तो घंटेचाच मनोरा. तिथल्या धर्मगुरूंचा संघ बंद झाला, चर्च पडलं, मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये कोसळला. त्याची घंटा मात्र पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चवर आहे आणि अजून वाजते. फोटो काढणारे सगळे त्या पांढऱ्या जिन्याचा काढतात, वर मान करून घंटा कोण बघतो!

जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रललाही दोन मनोरे होते. १७७६ मध्ये एक पडला, परत बांधलाच नाही. राहिलेल्या मनोऱ्यात तिथली मोठी 'सोन्याची घंटा' आहे.

---

चिंचगुळ

धागा कुठून कुठे गेला, पण छान गेला.

---

लसूण_चटणी

इतकं वाचून माझा प्रश्न फारच खालच्या पातळीवरचा आहे, म्हणजे अक्षरशः मनोऱ्याच्या पायथ्याशी. तिथे ज्या हिरव्या टपऱ्या आहेत फ्राइजच्या, त्या शाकाहारी लोकांना चालतात का?

---

पायवाट

चांगला प्रश्न. बेल्जियममध्ये फ्राइज परंपरेने गायीबैलाच्या चरबीत तळतात, चव त्याचीच. काही ठिकाणी वनस्पती तेल वापरतात. कुठल्याही टपरीवर खायच्या आधी विचारा, लपवत नाहीत. आणि सॉसमध्ये मांसाचा रस्सा असलेला एक प्रकार असतो, तो वगळा. वॉफल बिनधास्त खा, अंडं चालत असेल तर.

---

दप्तर_आणि_डबा

सहा वर्षांच्या मुलाला नेलं तर? उंचीचं भय नाही, आवाजाचं आहे. दिवाळीत कानात बोळे घालून बसतो.

---

ताम्हण

आम्ही भाचीला घेऊन गेलो होतो, ती साधारण त्याच वयाची. वर अगदी माथ्याशी असताना तास भरला आणि तिने भोकाड पसरलं. तिथे घंटा अगदी डोक्यावर आहेत. पायवाट म्हणते तसं ढोलाच्या खोलीत पाव तास गाठा आणि धून संपली की लगेच वर जा, म्हणजे पुढच्या धुनीआधी खाली उतरायला वेळ मिळतो. कानांवर घालायचे ते मोठे हेडफोन न्याच. जिन्यात मुलाला भिंतीच्या बाजूने चालवा, तिथे पायरी रुंद असते.

---

मेथीचे_दिवस

हा धागा वाचून मागच्या शनिवारी जाऊन आले, म्हणून लिहिते. सकाळचं पहिलं तिकीट काढलं, जिन्यात गर्दी अजिबात नव्हती.

पायवाटताईंशी एका बाबतीत असहमत. देखावा बघण्यासारखा आहे! हवा स्वच्छ होती. गावाभोवतीचा पाण्याचा वेढा, त्याच्या कडेच्या पवनचक्क्या आणि खूप लांब समुद्राकडची रेघ दिसली. गाव किती छोटं होतं आणि तरी इतक्या लांबच्या बंदरांशी धंदा करत होतं, हे मला वरूनच कळलं. खिडक्यांना जाळ्या आहेत त्यामुळे फोटो तितके चांगले येत नाहीत, पण डोळ्यांना जाळी आड येत नाही.

सनदांची खोली मात्र तुमच्यामुळे नीट बघितली. नवरा कुलपं मोजत बसला, त्याच्या मागे रांग लागली.

नंतर अकराचं वादन अंगणात बसून ऐकलं. शेवटी वादक खाली आला की काय असं वाटून सगळे जिन्याकडे बघत होते, पण कोणी आलं नाही. टाळ्या कोणासाठी वाजवायच्या ते कळेना. तरी वाजवल्या.

---

पायवाट

हवा स्वच्छ मिळाली हे नशीब. ब्रुजमध्ये तेवढ्यासाठी वेगळं तिकीट लावायला हरकत नाही.

वादक बराच वेळ वरच असतो, उतरायच्या पायऱ्या त्यालाही तेवढ्याच आहेत. टाळ्या त्याच्यापर्यंत पोचत असतील असं वाटत नाही.

---

कळसूत्री

शिकायचं असेल तर मेखेलेनला कॅरिलॉनची खास शाळा आहे, १९२२ पासून. जगभरातून विद्यार्थी येतात. तिथल्या सेंट रोम्बाउट्स मनोऱ्यावर एक सोडून दोन संच आहेत. तो मनोरा ९७ मीटर आणि पायऱ्या पाचशेच्या वर. चिंचगुळ, सासूबाईंना हे कळू देऊ नका.

---

चिंचगुळ

उशीर झाला. हा धागा त्याच मोठ्याने वाचून दाखवतायत. मेखेलेनची गाडी ब्रसेल्सहून किती वेळाने असते?

---

पायवाट

खूप गाड्या आहेत, पंचवीस-तीस मिनिटांत पोचवतात. स्टेशनपासून मनोरा चालत वीस मिनिटं. पायऱ्यांचं मी काही बोलत नाही.